टर्बो लहान की मोठा

मला गाडी चालवता येत नाही. सायकल शिकायला गेले तेव्हाच गुडघा फोडून घेतला आणि तो नाद सोडला. पण टर्बोबद्दल विचारा. कुठल्या गाडीला कुठला बसतो, जुन्याच बोल्टांवर बसतो की पाइप कापावे लागतात, तेलाची नळी कुठून घ्यायची, मोठ्याला वेळ का लागतो, हे सगळं मी अजून धडाधड सांगते. आमच्या शिरूर कासारात ब्लाउज शिवणारी दुसरी कुणी बाई असलं काही सांगत असेल तर तिला माझ्यासमोर आणून उभी करा.

हे मी हौसेनं शिकले नाही. माझा धाकटा भाऊ जगावा म्हणून शिकले.

आमचे माय-बाप दसरा झाला की ऊस तोडायला जायचे. बाप तिकडंच, उसाच्या फडात वारला. माय त्यानंतरही कितीतरी हंगाम गेली, हात चालेनासे झाले तेव्हा थांबली. भावाला शाळेचं वावडं. त्यानं बीडला एका गॅरेजात काम धरलं. तिथले उस्ताद म्हणजे बोलायला तिखट आणि मनानं लोणी, त्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. मी सासरहून परत आले होते. का आले ते इथं सांगायचं कारण नाही. शिलाई मशीन होती, तिच्यावर माझं चाललं होतं.

भावानं एक जुनी गाडी घेतली होती. बुटकी, लाल, रुंद चाकांची. गल्लीत आली की आधी आवाज यायचा, मग ती. "मुडद्या, रंग तरी जरा बऱ्यापैकी घ्यायचा," असं मी म्हणाले तर आठवडाभर बोलला नाही माझ्याशी. मी त्याला लहानपणापासून मुडद्याच म्हणायचे. आमच्याकडं बायका लेकरांना मायेनं तसंच म्हणतात. नंतर तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

त्या गाडीला कंपनीचा टर्बो होता, तो झिजला होता. मागून निळा धूर यायला लागला होता. तो काढून त्या जागी जरा दांडगा बसवायचा, हे त्याच्या डोक्यात आधीपासून होतं. टर्बो म्हणजे काय, ते सांगते. इंजिनातून जो जळका धूर बाहेर पडतो त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. चुलीत फुंकणी घातली की जाळ उठतो, तसंच. आता हा पंखा फार तापतो. म्हणून गाडी दामटून आल्यावर लगेच बंद करायची नसते. उभ्या उभ्या थोडा वेळ चालू ठेवायची, म्हणजे तेल फिरत राहतं आणि पंखा निवतो. हे तो देवपूजेसारखं पाळायचा.

त्या दिवशी मांजरसुंब्याला तो धाब्यावर चहाला थांबला. गाडी चालू ठेवली, टर्बो निवायचा म्हणून. आणि चहाचा पेला घेऊन बाहेरच, गाडीच्या मागं रस्त्याच्या कडेला उभा राहिला. उसाची ट्रॉली आली, तिची पिन निसटली, ट्रॉली कलंडली आणि मोळ्या याच्या अंगावर. आमच्या मायनं उभा जन्म बांधल्या तसल्याच मोळ्या. गाडीला साधा ओरखडा नाही. लोक त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेले तरी गाडी आपली तिथं चालूच होती. शेवटी धाबेवाल्यानं चावी फिरवली.

मणका तुटला. कमरेखालचं सगळं गेलं.

नगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पाय परत येणार नाहीत. पण माणूस असा वर्षानुवर्षं जगतो. त्यानं पोटभर खाल्लं पाहिजे, भरपूर पाणी प्यायला पाहिजे, दिवसरात्र त्याची कूस बदलत राहिली पाहिजे. पाणी कमी झालं की लघवीत जंतू होतात, खाणं कमी झालं की पाठीला जखमा होतात, आणि मग हाताबाहेर जातं. "त्यानं जगायचं मनावर घेतलं तर जगेल," असं म्हणाले. मायला पायांचं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की खायला घालायचंय.

घरी आणला आणि त्यानं तोंड भिंतीकडं केलं. खात नव्हता. चमचाभर पाणी घ्यायचा, ते पण माझी कटकट टळावी म्हणून. कूस बदलायला गेले की अंग ढिलं सोडायचा, पोत्यासारखं. मी ओरडायचे, रडायचे, शिव्या द्यायचे. "बास आक्का," एवढंच बोलायचा. मायनं तर कुठले कुठले देव पालथे घातले. कुणी अंगारा आणला, कुणी ताईत. मला सगळ्यांचा असा संताप यायचा की मशीनवर पाय आपटत बसायचे.

मग एक दिवस उस्ताद आले. त्याच्याजवळ बसले, त्याची चादर सारखी करत राहिले. शेवटी म्हणाले, "बेटा, तेरी गाडी माझ्याकडं पडलीय. टर्बो तर गेलाच तिचा. क्या डालने का, बोल. मी तर म्हणतो मोठा टाकू."

भिंतीकडचं तोंड वळलं.

"मोठा कावून?" तो म्हणाला. "मोठा कशाला पायजे तिला? ट्रकंय का ती?"

"आजकल सब मोठाच टाकते बे."

"टाकू द्या. त्यांना रस्ता कुठं ठाव हाय?"

आणि दोघांची जी जुंपली! मी मशीन थांबवून बघत बसले. भाऊ कोपरावर उठू बघत होता. बोलता बोलता घसा सुकला तर त्यानं स्वतः हात लांब करून तांब्या घेतला आणि घटाघटा प्याला. अख्खा तांब्या. उस्ताद गेल्यावर मला म्हणाला, "भाकर हाय का गं? म्हाताऱ्याला काही कळत न्हाई." मी चुलीपाशी गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. माय म्हणाली, काय झालं? म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

तेव्हा मला कळलं की याला भाकरीची भूक नाही, भांडणाची आहे. मग काय, भांडायला मी जन्मापासून तयारच.

पण भांडायचं तर माहिती पाहिजे. मी त्याच्या शेजारी बसून मोबाइलवर बघायला लागले. त्याला आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग तो शिकवायला लागला. त्याच्या गाडीला जुन्याच बोल्टांवर बसतील असे दोन टर्बो होते. एक कंपनीच्यापेक्षा थोडाच दांडगा, त्याला आम्ही लहान म्हणायचो. दुसरा चांगलाच मोठा.

"मोठ्याचा आकडा मोठा," तो सांगायचा. "पोरं आकडा बघून येडी व्हतात. पर त्यो जोर येतो कवा? गाडी पळाया लागल्यावर. आन आपल्या रस्त्यावर पळू देतंय कोण? ट्रॉलीच्या मागं रांगत जायचं. समोर जरा मोकळं दिसलं की पाय टाकायचा. लहान असला की गाडी तवाच उडती. मोठा म्हणतो, थांब जरा, मला फिरू दे. त्याचं फिरणं व्हईस्तोवर समोरून टँकर येतो."

"आणि घाट चढताना? लहान धापा टाकंल तिथं," मी म्हणायचे.

"घाट काय रोज चढायचाय?"

"मग ट्रॉली काय रोज असती?"

"आक्का, तू ब्लाउज शीव!"

असं म्हणता म्हणता एक भाकर पोटात जायची. मी पाण्याचा पेला त्याच्या हातात द्यायचे आणि मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोलायचे. रागानं तो पिऊन टाकायचा. कूस बदलताना आता शिव्या द्यायचा, म्हणजे अंग ढिलं सोडत नव्हता. पाठीची जखम भरायला लागली. दवाखान्यातून बघायला यायची ती नर्सबाई म्हणाली, काय औषध सुरू केलंत? मी काय सांगणार कप्पाळ.

घोर एकाच गोष्टीचा होता. तो अधूनमधून ठरवून मोकळा व्हायचा. "बास, ठरलं. लहानच. उस्तादला फोन लाव." ठरलं म्हणजे संपलं. मी लगेच नवं काहीतरी काढायचे. लहान बसवला तरी क्लच जुना आहे, तो टिकेल का? तेल नीट जाईल का? हवा गार करायची जाळी बदलावी लागेल की नाही? गाडीच्या डोक्यात जो कॉम्प्युटर असतो त्याला नवा टर्बो कळणार कसा? कधी कधी मला काही सुचायचंच नाही. मग मी परसात जाऊन उस्तादांना फोन करायचे. "चाचा, उद्याला काहीतरी सांगा, आजचं संपलं." त्यांना सगळं माहीत होतं. ते म्हणायचे, "उसको बोल, लहानवाला आजकल डुप्लिकेट येतोय." मी आत येऊन तसं म्हणायचे आणि याचं पित्त खवळायचं. दोन दिवस पुरायचं ते.

एकदा मात्र तो मधेच थांबला आणि म्हणाला, "आक्का, पर चालवणार कोण गं?"

मी सुई ओवत होते. धागा काही केल्या जाईना. म्हटलं, "मी."

इतका हसला की खोकला लागला. मग मला समोर बसवलं, जमिनीवर तीन विटा ठेवायला लावल्या. ही क्लच, ही ब्रेक, ही तिसरी पळवायची. "पाय टाक. अगं हळू, वीट फुटंल!" बाहेरून येऊन माय बघते तर मी विटांवर पाय मारतेय आणि हा खाटेवर पडून मला बावळट म्हणतोय. मायला वाटलं आम्ही दोघंही कामातून गेलो.

मायला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? एका खोलीचं घर. आत कुजबुजलं तरी त्याच्या कानावर जाणार, परसात नेऊन सांगितलं तर ती रडत त्याच्याकडंच धावणार. आणि हे बोलून दाखवायचं म्हणजे काय बोलायचं? की माय, हा टर्बो कधीच बसवायचा नाहीये, नुसता निवडत बसायचंय? तिला फक्त एवढं दिसत होतं की पोरगा दिवसभर गाडी गाडी करतोय आणि ही बया काही ना काही खुसपट काढून ते लांबवतेय.

आणि तिनं नवस बोलला होता. गाडी बंद झाली त्याच दिवशी लेक पडला. आता गाडी पुन्हा चालू होऊन दारात उभी राहिली की लेकही उठेल, असं तिनं देवीशी ठरवून टाकलं होतं. मला ते नंतर कळलं. ती एका बाजारच्या दिवशी बीडला गेली, उस्तादांच्या गॅरेजात जाऊन बसली आणि उठेचना. उस्ताद म्हणाले, भाभी, सबर करा, अजून ठरलं नाही. तर तिनं त्यांचे पाय धरले. मग ते म्हणाले, ठीक, लहान बसवतो, त्याचा कल तिकडं आहे. तर माय म्हणाली, "लहान न्हाई. माझ्या लेकराला उरलंसुरलं कावून? आमी जलमभर उरलेलंच घेतलं. मोठा बसवा. चांगला मोठा बसवा."

उस्तादांनी मला फोन केला नाही. मी पुढं त्यांना त्याचा जाब विचारला. म्हणाले, "बेटी, मां के आगे क्या बोलता मैं? आणि खरं सांगू, मला बी वाटलं, कुणी सांगावं, उठला तर?" त्यांच्यावर रागावता येईना. मायवर मात्र मला राग आला, आणि तो अजून आहे. ती माझी माय आहे, तिच्या मायेत काडीची खोट नाही, हे कळूनही आहे.

गाडी आली ती सकाळची. मी मशीनवर होते. आधी आवाज आला आणि मोबाइलवरचा भावाचा हात जिथल्या तिथं थांबला. दारात लाल गाडी, तिला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. अख्खी गल्ली जमा झालेली. माय ताट घेऊन उभी, कपाळभर कुंकू. मी धावत बाहेर आले आणि उस्तादांकडं बघितलं तर त्यांनी नजर चुकवली. गल्लीतल्या पोरांनी भावाची खाट उचलून उंबऱ्यापर्यंत आणली. मायनं नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं आणि म्हणाली, "करा चालू."

उस्तादांनी चावी फिरवली. जरा वेळ नुसतंच इंजिन घुरघुरलं. मग त्यांनी पाय दाबला. पहिल्यांदा काहीच नाही. मग थोड्या वेळानं, उशिरानं, तो पंख्याचा शिट्टीसारखा आवाज चढत गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला इतके दिवस शिकून कळलं ते त्याला न कळून कसं राहील? मोठा होता. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. आता आरडाओरडा करेल, उस्तादांना शिव्या घालेल, काढा आधी तो म्हणेल. मी मनातल्या मनात देवाला म्हणाले, ओरडू दे रे याला. ओरडला तर अजून महिना निघेल.

पण तो गाडीकडं बघतच नव्हता. मायकडं बघत होता. माय गाडीकडं बघत नव्हती. हातात ताट तसंच धरून ती त्याच्या पायांकडं बघत होती. डोळ्याची पापणी न लववता, चादरीखालच्या त्या पायांकडं. ते हलतील म्हणून वाट बघत होती.

त्याला कळलं. सगळं कळलं त्याला तिथल्या तिथं.

"लई भारी बसलाय, माय," तो म्हणाला. "मला ह्योच पायजे होता."

मायनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी सुरू केलं. "अरे, ह्या मोठ्याला तुझा क्लच टिकायचा नाही. घसरंल बघ."

"टिकंल, आक्का."

"अन् उन्हाळ्यात? तापणार किती ते. लहान बसवून घेऊ, मी चाचांना बोलते."

"ऱ्हाऊ दे. मायला वाईट वाटंल."

मी वाटेल ते बोलले. खोटंनाटं बोलले. पंखा उलटा फिरतो म्हणाले! तरी तो "व्हय" म्हणाला. मोबाइल चार्जिंगला लावायचाही राहू लागला. तोंड भिंतीकडं केलं नाही त्यानं, मायच्या देखत हसायचासुद्धा. पण भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवायचा. पाण्याचा पेला ओठाला लावून खाली ठेवायचा. माय रोज सकाळी पदरानं गाडी पुसायची आणि आत येऊन त्याच्या पायांना तेल चोळायची. भरायला आलेली जखम पुन्हा ओली झाली. मी ती दात खाऊन धुवायचे. उन्हं तापायला लागली तेव्हा त्याला ताप भरला आणि तो उतरेना.

त्या दुपारी त्याला हुडहुडी भरली, तो बरळायला लागला. अँब्युलन्स दुसरीकडं गेलती. उस्तादांना फोन केला, ते जवळच कुठं कामाला आले होते, तसेच धावत आले. गाडी तर दारातच होती. पुढची सीट आडवी पाडून त्याला निजवलं. मी मागं बसले, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून. माय दारात उभी राहिली. ती म्हणाली, "आता बग, कशी पळती." तिला अजून वाटत होतं की गाडी त्याला वाचवेल.

बीडच्या रस्त्याला लागलो आणि पुढं उसाची जोडट्रॉली. हंगाम संपत आला होता तरी एक राहिलीच होती आमच्यासाठी. गाडी रांगायला लागली. समोर मोकळं दिसलं, उस्तादांनी पाय टाकला. काही नाही. इंजिन नुसतं घुमत राहिलं. समोरून टेम्पो आला, उस्तादांनी शिवी हासडून परत मागं घेतलं. पुन्हा मोकळं, पुन्हा पाय, पुन्हा तेच, आणि पुन्हा काहीतरी समोरून.

भावानं डोळे उघडले. त्याला कुठं चाललोय ते ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पण पंख्याचा आवाज तो ऐकत होता. ओठ हलले. मी वाकले.

"किती येळ लावतोय बघ," तो म्हणाला.

माझ्या अंगात वीज शिरली. म्हटलं, हेच. हेच पाहिजे. मी त्याच्या कानाशी ओरडले, "काय वेळ लावतोय? उगा काहीतरी बोलू नको! मोठाच चांगला आहे! लहान असता तर इथवर पण आला नसता! तुला काय कळतंय रे टर्बोतलं?"

उस्तादांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. पुढं ट्रॉली हलत नव्हती. मी वाट बघत होते. तो म्हणेल, आक्का, तू ब्लाउज शीव. नुसतं एवढं म्हणाला असता तरी मी पेला लावला असता त्याच्या तोंडाला.

"भांड ना रे," मी म्हणाले. "भांड ना माझ्याशी."

त्यानं माझ्याकडं बघितलं, बरंच थकून.

"आसंल, आक्का," तो म्हणाला. "तुझंच बरोबर आसंल."

जन्मात कधी तो मला असं म्हणाला नव्हता.